साष्टींतलीं आडनांवें

अंधेरी, मरोळ किंवा कुर्ला येथील एखाद्या मराठी शाळेंत नव्या वर्षाचा पहिला दिवस आहे, अशी कल्पना करावी. मास्तर नवे, वर्ग नवा, हजेरीपटहि नवा. एकेक नांव वाचलें जातें आणि बांकावरून "हजर" असा आवाज येतो. भोईर, म्हात्रे, केणी, सावंत अशीं नांवें एकामागून एक निघून जातात आणि मग डिसोझा हें नांव येतें. मास्तर मान वर करतात व कौतुकानें विचारतात, "काय रे, गोव्याचा का तूं? गांव कोणतें तुझें?" मुलाला या प्रश्नाची संवय आहे, तरी दर वेळीं तो थोडा गोंधळतोच. "नाहीं गुरुजी, आम्ही इथलेच. मरोळचे." "तें खरें रे, पण मूळचे?" "मूळचेहि मरोळचेच, गुरुजी." मास्तरांना हें पटत नाहीं. गंमत अशी कीं, मास्तरांचें स्वतःचें आडनांव राजापूरकर. त्यांचे वडील नोकरीसाठीं कोंकणांतून आले, त्याला पुरीं चाळीस वर्षेंहि झालेलीं नाहींत. मुलाचें घराणें मरोळांत चारशें वर्षें तरी नांदत आहे. वर्गांतल्या सर्वांत जुन्या रहिवाशालाच त्याचें मूळ विचारलें जातें, आणि तेंहि केवळ त्याच्या आडनांवामुळें.

आडनांव हा शब्दच पुष्कळ कांहीं सांगून जातो. आडवाट ही मुख्य वाट नव्हे, तसें आडनांव हें मुख्य नांव नव्हे. मनुष्याचें खरें नांव तें, ज्या नांवानें त्याची आई त्याला जेवावयास हांक मारते. गांवांत दहा गणू असले तरी गांवकऱ्यांचें कांहीं अडत नाहीं. विहिरीवरचा गणू, काळा गणू, यशोदेचा गणू अशी निवड त्यांना सहज करतां येते. अडतें तें सारा वसूल करणाऱ्याचें, पलटणींत भरती करणाऱ्याचें, शाळेंत नांव घालणाऱ्याचें आणि धर्माच्या वहींत नोंद करणाऱ्याचें. म्हणून कोणत्याहि देशांतील आडनांवांचा इतिहास पाहूं गेल्यास तो बराचसा वह्यांचा इतिहास ठरतो.

इंग्रजी आडनांवांचेंच उदाहरण घ्यावें. १०८६ सालीं विल्यम राजाच्या हुकमानें इंग्लंडांतील जमिनींची जी प्रसिद्ध पाहणी झाली, तिच्या दप्तरांत सरदारांच्या नांवापुढें गांवांचीं नांवें दिसतात. सामान्य कुळाला मात्र बहुधा नुसतें नांवच आहे. पुढील तीन शतकांत कर वाढले, कोर्टकचेऱ्या वाढल्या, लिखापढी वाढली आणि तिच्याबरोबर आडनांवें रुजलीं. लोहाराचा स्मिथ झाला, सुताराचा राइट, शिंप्याचा टेलर, कातऱ्याचा टर्नर. टेकडीजवळ राहणारा तो हिल, ओढ्याकांठचा तो ब्रूक, जॉनचा मुलगा जॉन्सन आणि कोल्ह्यासारखा चलाख तो फॉक्स. वेबस्टर व बॅक्स्टर या नांवांतील शेवटचा प्रत्यय मूळचा स्त्रीलिंगी आहे. तेव्हां कापड विणणाऱ्या व पाव भाजणाऱ्या कोणा कष्टाळू बायांची आठवण आज दाढीमिशीवाल्या गृहस्थांच्या नांवांत टिकून राहिली आहे. यांत मराठी मनुष्याला परकें वाटावें असें कांहीं नाहीं. आपल्याकडे लोहार, सुतार, शिंपी आहेत, डोंगरे आहेत, कोल्हे व लांडगेहि आहेत. बापाचें नांव आडनांवांत न गोंवतां तें आपण मध्यें घालतों, इतकाच काय तो भेद. पुढें १५३८ सालीं टॉमस क्रॉमवेलच्या आज्ञेनें इंग्लंडांतील प्रत्येक चर्चमध्यें बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची वही ठेवण्यास सुरुवात झाली, आणि तोंपर्यंत डळमळत असलेलीं नांवें हळूहळू पक्कीं होत गेलीं.

जें इंग्लंडांत होण्यास कित्येक शतकें लागलीं, तें मुंबई बेटावरच्या पारशी समाजांत थोड्याच पिढ्यांत घडून आलें. जहाजें बांधणारे ते वाडिया. मक्ते घेणारे ते कॉन्ट्रॅक्टर. त्यांच्या मागोमाग इंजिनियर, मर्चंट, डॉक्टर हीं इंग्रजी आडनांवें सरळ व्यवसायावरून आलीं. रोकड पैसा सदैव तयार म्हणून एका घराण्याचें नांव रेडीमनी पडलें. सर कावसजी जहांगीर याच घराण्यांतले. पेटिट घराण्याचा मूळ पुरुष ठेंगणा होता, व फ्रेंच व्यापारी त्याला आपल्या भाषेंत 'लहानगा' म्हणत, तेंच नांव राहिलें असें सांगतात. या आडनांवांकडे पाहून कोणी पेटिटांना फ्रान्सचे समजत नाहीं कीं इंजिनियरांना इंग्लंडचे समजत नाहीं. मग वर्गांतल्या त्या डिसोझालाच कां विचारावें?

याचें उत्तर शोधावयाचें तर साष्टीचा इतिहास पाहिला पाहिजे. वांद्र्यापासून उत्तरेकडे पार घोडबंदरापर्यंत आणि मढ-वेसाव्यापासून पूर्वेला मुलुंड-ठाण्यापर्यंत जें बेट पसरलें आहे, तें साष्टी. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर हीं सर्व याच बेटावरचीं. साष्टी म्हणजे सहासष्ट गांवें, असा या नांवाचा अर्थ लावतात. गोव्यांतहि एक साष्टी आहे आणि तिच्या नांवाचा अर्थहि तोच सांगतात. हा योगायोग पुढें अनेकांच्या गोंधळास कारण झाला.

१५३४ च्या अखेरीस गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें तह करून वसई, साष्टी व मुंबई पोर्तुगीजांच्या हवालीं केली. त्यांच्या पाठोपाठ फ्रान्सिस्कन व जेझुइट पाद्री आले. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यांत त्यांनीं चर्च केलें; लेण्याच्या माथ्यावर त्यांच्या मठाच्या पडक्या भिंती आजहि उभ्या आहेत. मरोळच्या बाजूस कोंडिवट्याला १५७९ सालीं सेंट जॉनचें देऊळ बांधलें. १८४० च्या सुमारास सांथीमुळें तें ओस पडलें आणि त्याचे अवशेष आतां सीप्झ या निर्यात-वसाहतीच्या आवारांत आहेत. धर्मांतर कोठें उपदेशानें झालें, कोठें सवलतींच्या आशेनें, तर कोठें दडपणानें. तो वाद येथें काढण्याचें प्रयोजन नाहीं. नांवांच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट एवढीच कीं, याच सुमारास, १५६३ सालीं, ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें प्रत्येक पाद्र्यानें बाप्तिस्म्याची वही ठेवावी आणि तींत धर्मपित्याचें नांव लिहावें, असा नियम घालून दिला.

साष्टीच्या कोळ्याकुणब्याला आडनांव मिळालें तें या वहींत. बाप्तिस्म्याच्या वेळीं त्याला एका संताचें नांव दिलें जाई, आणि पुढें आडनांव बहुधा धर्मपित्याचें लागे. क्वचित् पाद्र्याचें, क्वचित् गांवच्या फिरंगी जमीनदाराचें. एकच सरदार शेजारच्या दहा घरांचा धर्मपिता झाला, तर दहाहि घरें त्याच्या नांवाचीं होत; मग त्यांतलें एक भंडाऱ्याचें असो, एक कोळ्याचें असो कीं एक वाडवळाचें असो. म्हणून या नांवांवरून रक्ताचा संबंध काढूं पाहणें व्यर्थ आहे. गोराईच्या कोळ्याचें नांव पोर्तुगीज असलें तर त्यावरून एवढेंच समजतें कीं, त्याच्या पूर्वजाच्या बाप्तिस्म्याला एक पोर्तुगीज हजर होता.

त्या पोर्तुगीज नांवांचे अर्थ मात्र मोठे मौजेचे आहेत. डिसोझा, डिमेलो, डिसिल्व्हा यांतील 'डि' म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून आपला 'चा' प्रत्यय होय. आपण 'कर' शेवटीं लावतों, ते 'डि' आधीं लावतात. सौझा ही उत्तर पोर्तुगालमधील एक लहानशी नदी आहे; तेव्हां डिसोझाचें सरळ मराठी भाषांतर सौझेकर असें होईल. डिमेलो म्हणजे मेलो गांवचा, अर्थात् मेलोकर. डिकॉस्टा हा किनाऱ्याचा, डिसिल्व्हा रानांतला, डिक्रूझ क्रुसाचा. वर्गांतला राजापूरकर आणि वर्गांतला डिसोझा यांचीं आडनांवें एकाच सांच्यांतलीं आहेत, हें दोघांनाहि ठाऊक नसतें!

दुसरा मोठा वर्ग 'एस्' या प्रत्ययाचा. तो प्रत्यय 'अमक्याचा मुलगा' असें सांगतो. फर्नांडिस हा फर्नांदोचा, रॉड्रिग्ज हा रॉद्रिगोचा, गोन्साल्विस हा गोन्सालोचा, नुनीस हा नुनोचा. यांतलीं बरींच मूळ नांवें लॅटिनहि नाहींत. पांचव्या शतकापासून आठव्या शतकाच्या आरंभापर्यंत स्पेन-पोर्तुगालवर गॉथ नांवाच्या जर्मन टोळ्यांचें राज्य होतें, त्यांच्या भाषेंतलीं तीं आहेत. म्हणजे मनोरीच्या खाडींत जाळें टाकणाऱ्या कोळ्याच्या नांवांत तेराशें वर्षांपूर्वीं नष्ट झालेल्या एका जर्मन राज्याचा अंश आहे. लोपीस म्हणजे लोपोचा मुलगा, आणि लोपो हा शब्द लांडग्यावरून आला. लोबो म्हणजे तर सरळ लांडगाच. साष्टींतला लोबो आणि देशावरचा लांडगे एका बांकावर बसले, तर त्यांना नामबंधु म्हणावयास हरकत नाहीं. तसेंच मचाडो म्हणजे कुऱ्हाड, त्याचा जोडीदार आपला कुऱ्हाडे; कोएलो म्हणजे ससा; फेरेरा हें लोखंडाच्या खाणीवरून अथवा भट्टीवरून आलेलें, तें इंग्रजांच्या स्मिथाजवळचें व आपल्या लोखंड्यांजवळचें. पिंटो म्हणजे ठिपकेदार. पण त्याच शब्दाचा दुसरा अर्थ कोंबडीचें पिल्लू असाहि आहे, आणि कोणता अर्थ घ्यावयाचा हें त्या त्या पिंटोनें ठरवावें.

झाडांचीं नांवें तर मुबलक. परेरा हें नाशपातीचें झाड, ऑलिव्हेरा जैतुनाचें, कार्व्हालो ओकचें, पिन्हेरो पाइनचें, फिगरेडो अंजिराची बाग. यांतलें ओकचें झाड अंधेरीच्या मातींत कोणी कधीं पाहिलें नसेल. तेथें ताड, आंबा आणि चिंच. ताडाची ताडी काढणाऱ्या घराण्यानें तीन-चारशें वर्षें आपल्याला नाशपाती म्हणवून घ्यावें, आणि नाशपाती म्हणजे काय हें कोणासहि न विचारतां म्हणवून घ्यावें, हा नांवांच्या दुनियेंतला नेहमींचा प्रकार आहे.

१७३७ मध्यें मराठ्यांनीं ठाणें घेतलें, १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई घेतली. फिरंगी सरदार, जमीनदार व त्यांचे पाद्री निघून गेले. धर्मपिते गेले, पण त्यांनीं दिलेलीं नांवें राहिलीं. पुढें १७७४ त इंग्रजांनीं साष्टी काबीज केली, १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती त्यांच्याकडे कायम झाली. तीन राज्यें झालीं तरी आडनांव बदललें नाहीं. आणि घरांत बोलली जाणारी भाषाहि बदलली नाहीं. ती मराठीच राहिली. लग्नांत उंबराचें पाणी आणण्याचा विधि राहिला, बायकांचें लुगडें राहिलें. नांवांनाहि मराठी जिभेनें आपल्या वळणावर आणलें. फ्रान्सिस्कोचा फरसू झाला, सेबास्तियांवचा बस्त्याव, पेद्रोचा पेद्रू, इनासियोचा इनास. मोडी कागदांतून लिहिणारा कारकून 'पेद्रू बिन इनास' असें लिहून मोकळा होई, कारण बापाचें नांव 'बिन' या शब्दानें जोडण्याची त्याची पद्धत सर्वांना एकच होती. स्त्री असेल तर नवऱ्याचें नांव 'कोम' शब्दानें जोडी. आडनांव त्याला क्वचितच लागे. एकाच पाखाडींत दहा डिसोझा असल्यावर तें लागून उपयोगहि नव्हता. तेथें घरें ओळखलीं जात तीं विहिरीवरून, आंब्यावरून, आजोबाच्या धंद्यावरून किंवा त्याच्या एखाद्या खोडीवरून. आडनांव डिसोझा असतां हांक मात्र भलत्याच नांवानें मारली जाते, असें अजूनहि जुन्या गांवठाणांत ऐकूं येतें. वसईकडील कांहीं ख्रिस्ती घराण्यांना तर आपलें पूर्वीचें कुळहि ठाऊक असतें.

येथें श्रोत्यांपैकीं कोणी म्हणेल कीं, मग शेजारच्या हिंदु घरांतलीं नांवें तेवढीं अस्सल आणि हीं उसनीं. तें तरी खरें आहे काय? म्हात्रे हें आडनांव साष्टींत गांवोगांव आढळतें. तें महत्तर या संस्कृत शब्दापासून आलें. जुन्या ताम्रपटांत गांवच्या प्रमुखांना महत्तर म्हटलेलें आहे. याच शब्दाचें दुसरें रूप म्हातारा. माझगांवची म्हातारपाखाडी अजून तें नांव बाळगून आहे. राऊत हा राजपुत्रापासून, ठाकूर हा ठक्कुरापासून, सावंत हा सामंतापासून, पाटील हा पट्टकीलापासून. म्हणजे हींहि नांवें कोणा राजाच्या दरबारानें दिलेल्या हुद्द्यांचीं. तांडेल हा गलबतावरचा मुख्य, आणि नाखवा तर फारसी नाखुदा, म्हणजे नौकेचा धनी. फडणीस व चिटणीस यांच्यांतहि फारसीचा अंश आहे. नाखवा आडनांवाच्या कोळ्याला "तूं इराणचा का रे?" असें कोणी विचारीत नाहीं, कीं फडणिसांना त्यांचें शिराझमधलें घर कोणी विचारीत नाहीं. दरबारी फारसी आपण पचविली, पाद्र्याचें पोर्तुगीज तेवढें घशांत अडकलें. इतिहासाचार्य राजवाड्यांनीं १९२४ सालीं संपादून छापलेल्या महिकावतीच्या बखरींत या प्रांतांतल्या कुळांची व गांवांची हकीगत आहे. ती वाचली म्हणजे दिसतें कीं, पोर्तुगीजांच्या पूर्वींहि येथें राज्यें आलीं, त्यांच्याबरोबर कुळें आलीं, आणि कुळांबरोबर त्यांच्या पदव्या आल्या.

राजापूरकर मास्तरांच्या 'कर' प्रत्ययाविषयींहि दोन शब्द सांगण्यासारखे आहेत. हा प्रत्यय मनुष्य गांव सोडतो तेव्हां त्याला चिकटतो. राजापुरांत सारेच राजापूरचे. तेथें कोणाला राजापूरकर म्हणून काय ओळखणार? तो नांवाला येतो बाहेर पडल्यावर. म्हणून 'कर' हें आडनांव घराणें आज कोठें आहे हें न सांगतां तें कोठून निघालें हें सांगतें. अंधेरीकर, घाटकोपरकर, मुलुंडकर हीं आडनांवें फारशीं ऐकूं येत नाहींत याचें कारण येथेंच असावें. येथल्या लोकांना गांव सोडण्याची पाळी आली नाहीं. गांवच त्यांच्याभोंवतीं बदललें. १८५३ च्या एप्रिलांत बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत आगगाडी सुरू झाली, १८६७ पर्यंत पश्चिम किनाऱ्यानेंहि विरारपासून गाडी धांवूं लागली. पुढें घाटकोपर-मुलुंडाकडे व अंधेरी-बोरिवलीकडे चाळी उठल्या, वसाहती झाल्या आणि कोंकणचा सारा नकाशा शाळांच्या हजेरीपटावर उतरला: मालवणकर, देवगडकर, चिपळूणकर, दापोलकर, पेडणेकर. या गर्दींत मरोळचा डिसोझा आणि भांडुपचा म्हात्रे हे दोघेच असे होते कीं, ज्यांच्या नांवांत त्यांच्या गांवाचा पत्ता नव्हता. म्हात्र्याला कोणी विचारलें नाहीं. डिसोझाला विचारलें.

याचें कारण गोवा. मुंबईचा व्यापार वाढला, तसे गोव्याहून व मंगळूराकडून शेकडों ख्रिस्ती तरुण नोकरीसाठीं येऊं लागले. त्यांचीं आडनांवेंहि तींच: डिसोझा, फर्नांडिस, परेरा. कारण तेथेंहि धर्मपिते पोर्तुगीजच होते. रेल्वे, गोदी व सरकारी कचेऱ्या यांतले साहेब या सर्वांना एकाच मापानें मोजीत आणि पोर्तुगीज म्हणत. गोवेकर तेव्हां पोर्तुगालची प्रजा होते. साष्टींतले व मुंबईंतले ख्रिस्ती मात्र इंग्रजांची प्रजा, त्यांतहि मुंबई बेटावरचे तर १६६५ पासूनचे. नोकरी देतांना हा भेद साहेबाच्या लक्षांत येईना. नांव पाहूनच तो निकाल देई. हा प्रश्न पोटाचा होता, आणि पोटाच्या प्रश्नांतून एक नवें नांव जन्मास आलें. १८८७ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव झाला, त्या प्रसंगास धरून येथील समाजाच्या पुढाऱ्यांनीं आपल्याला ईस्ट इंडियन असें नांव घेतलें व त्या नांवाची संस्था काढली. ईस्ट इंडिया कंपनीशीं आपला सर्वांत जुना संबंध, हें त्यांना सुचवावयाचें होतें. परक्याच्या नांवामुळें झालेला घोंटाळा दूर करण्यासाठीं दुसऱ्या परक्याचें नांव घ्यावें लागलें! त्यांना दोष देतां येणार नाहीं. नोकरी देणारा इंग्रज होता; त्याला समजेल अशा भाषेंतच अर्ज लिहावा लागतो. तथापि साहेब गेल्यावर या नांवानें नवीच अडचण उभी केली. पूर्वेकडचा मुंबईचा मनुष्य तें ऐकून बंगाल-आसामकडे पाहूं लागला, आणि पश्चिम किनाऱ्यावरचा एक मराठी बोलणारा समाज नांवानें 'पूर्वेचा' होऊन बसला.

याच समाजांतले जोसेफ बाप्टिस्टा यांची गोष्ट मात्र निराळी. १८६४ त म्हातारपाखाडींत जन्मलेले हे बॅरिस्टर लोकमान्य टिळकांचे सहकारी झाले. १९१६ त स्थापन झालेल्या होमरूल लीगचे ते पहिले अध्यक्ष, आणि १९२५ सालीं मुंबई म्युनिसिपालिटीचे अध्यक्षहि झाले. बाप्टिस्टा हें आडनांव बाप्तिस्मा देणाऱ्या सेंट जॉनवरून आलेलें. त्याहून अधिक ख्रिस्ती आडनांव शोधून सांपडणें कठीण. पण महाराष्ट्रानें त्यांना 'काका' म्हटलें आणि त्यानंतर त्यांचें गांव कोणतें हें कोणी विचारलें नाहीं. आपल्याकडे काका, अण्णा, नाना या नांवांचें सामर्थ्य असें आहे.

प्रत्येकाच्या वांट्याला हें सामर्थ्य येत नाहीं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वसईचे; 'सुवार्ता' मासिकाचे अनेक वर्षें संपादक, बायबलचें 'सुबोध बायबल' हें मराठी रूप करणारे. दिब्रिटो म्हणजे ब्रिटो या पोर्तुगालमधील गांवचा, ब्रिटोकरच म्हणाना. ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासाठीं २०१९ मध्यें त्यांची निवड झाली, तेव्हां कांहीं ठिकाणांहून विरोधाचे सूर निघाले. मराठींत जन्म घालविलेल्या लेखकाला मराठीच्या व्यासपीठावर चढतांना आडनांवाचें व झग्याचें ओझें वाहावें लागलें. जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबाद येथें तें संमेलन त्यांच्याच अध्यक्षतेखालीं झालें. २०२४ च्या जुलैंत ते वारले.

आतां हा प्रश्न शाळेंतून व सभांतून निघून जमिनीच्या कचेरींत जाऊन पोंचला आहे. अंधेरी, मरोळ, सहार, कुर्ला या बाजूच्या जुन्या भातशेतांवर आज इमारती आहेत, रस्ते आहेत, विमानतळ आहे. जमिनीला मोल आलें आणि शंभर वर्षांपूर्वींच्या सातबाऱ्यावरच्या नांवांना अचानक महत्त्व चढलें. तेथें लिहिणारा तलाठी मराठी; त्यानें ऐकलें तसें लिहिलें. कोठें 'सोज' लिहिलें, कोठें 'डिसूज', कोठें आडनांवच नाहीं, नुसतें 'इनास बिन पेद्रू', कोठें 'मारी कोम इनास'. नातवाच्या शाळेच्या दाखल्यावर डिसोझा, पणतूच्या पासपोर्टावर इंग्रजी वळणाचें आणखी निराळें कांहीं. हीं सर्व माणसें एकाच घरचीं, हें सिद्ध कसें करावयाचें? अशा वेळीं त्या घरची म्हातारी पेटींतून एखादा पिंवळा पडलेला कागद काढते आणि नातवाला म्हणते, "पाद्रीबाबाकडं जा, वहींत असल." नातू गांवच्या चर्चमध्यें जातो. तेथें लोखंडी कपाटांत बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या ठेवलेल्या असतात. पाद्री पानें उलटतो, आजोबाचें नांव सांपडतें, त्याच्या बापाचें सांपडतें, धर्मपित्याचें सांपडतें, गांवहि लिहिलेलें असतें. त्याचा उतारा घेऊन नातू कचेरींत येतो. कारकून चष्मा कपाळावर सारून सातबारा पाहतो, उतारा पाहतो, एकदां त्याच्याकडे पाहतो, आणि 'सोज' व 'डिसोझा' या दोन नांवांच्या मध्यें 'ऊर्फ' असा शब्द लिहून कागद सहीसाठीं आंत पाठवितो.